वाद्यवृंदाच्या सँपल लायब्ररींसाठी म्हणून विकलेल्या संगणकातील दोषांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: संगीतकामासाठी जुळणी करून दिलेल्या संगणकात प्लेबॅकमध्ये येणारा खंड, आणि मान्य केलेल्या ड्राइव्हऐवजी बसवलेला वेगळा ड्राइव्ह

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीने वाद्यवृंदाच्या सँपल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचे संग्रह) चालवण्यासाठी खास जुळणी करून दिलेला संगणक नेमक्या त्याच कामात अडखळतो आहे. आपल्या तांत्रिक साहाय्य विभागाशी यापूर्वी झालेल्या पत्रव्यवहारातून तोडगा निघाला नाही. त्या विभागाने शेवटच्या उत्तरात सगळा दोष लायब्ररीच्या आणि माझ्या वापराच्या माथी मारून प्रकरण बंद केल्यामुळे हे पत्र थेट आपणास लिहावे लागत आहे.

मागणी नोंदवताना मी कामाचे स्वरूप लेखी कळवले होते. पार्श्वसंगीताचे लेखन, कॉन्टॅक्ट या सँपल वाजवणाऱ्या प्रोग्रामवर चालणाऱ्या तंतुवाद्य, ब्रास, वुडविंड आणि तालवाद्यांच्या लायब्ररी, सगळे पॅच (वाद्यांचे तयार आवाज) आधीच लोड करून ठेवलेले मोठे टेम्प्लेट, ४८ किलोहर्ट्झचा प्रकल्प (सेकंदाला ध्वनीची ४८,००० मोजमापे, त्यांनाही सँपल्स म्हणतात) आणि २५६ सँपल्सचा बफर (संगणक एका खेपेस तयार करतो तो ध्वनीचा तुकडा), असे त्यात स्पष्ट नमूद आहे. या गरजा वाचूनच आपण १२८ जीबी रॅम आणि दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ड्राइव्ह सुचवलेत, आणि संगणक या कामासाठी तपासून पाठवू असे मान्य केलेत. त्यामुळे ही मागणी आपल्या अपेक्षेबाहेरची होती, असे आता म्हणता येणार नाही.

पहिला आणि सर्वांत गंभीर दोष म्हणजे प्लेबॅकमध्ये अधूनमधून येणारा ‘टक्’ असा आवाज. तो मोठ्या तुत्तीत (सगळा वाद्यवृंद एकत्र वाजतो तेव्हा) येतो तसाच चार-पाच ट्रॅक वाजत असतानाही येतो, आणि तपासाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. म्यूट लावलेल्या व्हायोलिनचा अगदी हळू धरलेला कॉर्ड, त्याखाली एकच चेलो, आणि दोन मात्रांनी हॉर्नचा प्रवेश, एवढेच वाजत असते. प्रोसेसरचा मीटर तळाशी असतो, रॅम निम्मीही भरलेली नसते, आणि तरीही हॉर्न येण्याआधीच्या शांततेत तो तडा ऐकू येतो. पुन्हा तीच जागा वाजवली तर तो तिथे नसतो, दुसरीकडे कुठेतरी असतो. दोष लायब्ररीतल्या एखाद्या खराब सँपलमध्ये असता, तर तो दर वेळी त्याच स्वरावर आला असता.

आपल्या विभागाने प्रोसेसरचा सरासरी भार ३० टक्क्यांच्या आत असल्याचे दाखवून संगणक निर्दोष ठरवला आहे. माझी खरी हरकत या तपासणीच्या पद्धतीलाच आहे. ४८ किलोहर्ट्झला २५६ सँपल्सचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. तेवढ्या अवधीत पुढचा बफर तयार झालाच पाहिजे, आणि हे सेकंदाला सुमारे १८७ वेळा, न चुकता घडले पाहिजे. यांपैकी १८६ वेळा संगणक निवांत असला आणि एकदा उशीर झाला, तर सरासरी उत्तमच दिसते आणि ध्वनिमुद्रण मात्र वाया जाते. या कामात संगणकाची पारख त्याच्या सर्वांत वाईट क्षणावरून करावी लागते. आपण पाठवलेल्या चाचणी-अहवालात खेळांचे आणि व्हिडिओ रेंडरिंगचे गुण आहेत. या क्षणाचे मोजमाप त्यात कुठेच नाही.

ते मोजमाप मी ड्रायव्हरमुळे होणारे विलंब मोजणाऱ्या लेटन्सीमॉन या प्रोग्रामने केले असून त्याचे अहवाल सोबत जोडले आहेत. वाय-फाय सुरू असताना नेटवर्कच्या ड्रायव्हरकडून मोठे विलंब होतात, आणि वाय-फाय पूर्ण बंद केल्यावर ते जातात. तेवढे मी चालवून घेतले असते, कारण काम करताना मला इंटरनेट लागत नाही. परंतु एसीपीआय ड्रायव्हरकडून होणारे विलंब वाय-फाय बंद केल्यावर, पॉवर प्लॅन कमाल कार्यक्षमतेवर ठेवल्यावर, आणि लायब्ररीचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळल्यावरही कायम आहेत, आणि त्यांची कमाल कित्येक मिलिसेकंदांपर्यंत जाते. हा ड्रायव्हर विंडोज आणि मदरबोर्डचे बायोस (त्यावरचा मूलभूत नियंत्रण-प्रोग्राम) यांच्यातला वीज-व्यवस्थापनाचा दुवा सांभाळतो. म्हणजे दोषाचे मूळ बायोसमध्ये किंवा त्याच्या मांडणीत असण्याची शक्यता दाट आहे. ते बायोस आपण पासवर्डने कुलूपबंद करून पाठवले आहे. सी-स्टेटसारख्या वीज-बचतीच्या सोयी बंद करून पाहणे ही ऑडिओच्या कामातली अगदी प्राथमिक तपासणी आहे, आणि तीही मला करता येत नाही. पासवर्ड दिल्यास हमी रद्द होईल, हे आपल्या विभागाचे उत्तर मला मुळीच पटलेले नाही.

शिवाय संगणकावर आपणच बसवून दिलेला, दिव्यांचे रंग आणि पंख्यांचा वेग सांभाळणारा प्रोग्राम पार्श्वभूमीत सतत सेन्सर वाचत राहतो. तो काढून टाकल्यावर तडे कमी होतात, मात्र पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि त्याच खोलीत माइक लावणे अशक्य होते. पंख्यांचे नियंत्रण बायोसमधूनच करावे, तर बायोस कुलूपबंद.

दुसरा दोष लायब्ररीच्या ड्राइव्हचा आहे, आणि त्याचा आवाज निराळा आहे. इथे ‘टक्’ होत नाही. लांब स्वर व्यवस्थित सुरू होतो आणि क्षणात तुटतो. याचे कारण लायब्ररी कशी वाजते यात आहे. प्रत्येक सँपलचा केवळ आरंभीचा तुकडा रॅममध्ये ठेवला जातो आणि उरलेला भाग स्वर वाजत असताना ड्राइव्हवरून ओढला जातो. कॉन्टॅक्टमध्ये हा तुकडा मूळ मांडणीत ६० किलोबाइटचा असतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ ध्वनी असंपीडित धरला तर सेकंदाला २८८ किलोबाइट लागतात, म्हणजे रॅममधला तुकडा जेमतेम एक पंचमांश सेकंद पुरतो. तेवढ्यात ड्राइव्हने पुढचा भाग दिला नाही, तर स्वर तुटणारच. तो नेमका आरंभानंतर लगेच तुटतो, यावरून दोष ड्राइव्हकडे आहे हे उघड होते.

सेकंदाला ७००० मेगाबाइट वाचणारा ड्राइव्ह कमी पडूच शकत नाही, असे आपल्या विभागाने लिहिले आहे. हा आकडा एकाच मोठ्या फाइलचे सलग वाचन करतानाचा आहे, आणि आमच्या कामात तसे वाचन जवळपास कधीच होत नाही. मॉड्युलेशन व्हीलने पियानोपासून फोर्टेपर्यंत जाणाऱ्या तंतुवाद्यांच्या पॅचमध्ये बलाचे चार थर एकत्र वाजत असतील आणि जवळचा, मधला व दूरचा असे तीन माइक सुरू असतील, तर एका स्वरासाठी ड्राइव्हवरून एकाच वेळी वाचले जाणारे १२ प्रवाह लागतात. सगळ्या वाद्यवृंदात मिळून ४० स्वर धरलेले असले तर ४८० प्रवाह होतात. त्यांची एकूण मागणी सेकंदाला सुमारे १३८ मेगाबाइट, म्हणजे आपल्या ७००० पुढे किरकोळच. अडचण ते बारीक तुकडे शेकडो जीबींत विखुरलेल्या जागांवरून, एकाच वेळी आणि वेळेवर उचलण्यात आहे.

याच कारणासाठी मी ड्राइव्हचा प्रकार आग्रहाने लिहून घेतला होता. कोटेशनमध्ये टीएलसी प्रकारचा (एका पेशीत तीन बिट साठवणारा), स्वतःचा डीरॅम (वेगवान स्मृती) असलेला ड्राइव्ह नमूद आहे. प्रत्यक्षात क्यूएलसी प्रकारचा (एका पेशीत चार बिट साठवणारा, म्हणून मंद) आणि डीरॅम नसलेला ड्राइव्ह बसवला आहे. कोणता तुकडा कुठे आहे याचा नकाशा डीरॅममध्ये राहतो. तो नसला की विस्तीर्ण जागेत विखुरलेले वाचन मंदावते. मोठी लायब्ररी कॉपी करताना थोडा वेळ वेग उत्तम राहतो, मग तात्पुरती राखीव जागा भरते आणि वेग जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. हा बदल करण्यापूर्वी मला विचारलेले नाही, आणि बिलावर आजही मूळ ड्राइव्हचेच नाव आहे. ही बाब मी केवळ तांत्रिक चूक मानत नाही.

त्यातच तो ड्राइव्ह ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली, हीटसिंकशिवाय बसवलेला आहे. कॅबिनेट उघडून पाहिल्यास कार्डाचा पंखा आणि ड्राइव्ह यांच्यात बोटभरही जागा नाही, आणि कार्डाची गरम हवा थेट त्याच्यावर येते. टेम्प्लेट लोड होईपर्यंत तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि ड्राइव्ह आपला वेग आपोआप उतरवतो. स्वर तुटायला सुरुवात होते ती यानंतरच. सकाळी थंड संगणकावर तोच भाग स्वच्छ वाजतो.

रॅमबाबत माझी तक्रार नाही. चार पट्ट्या लावल्यावर डीडीआर५ चा वेग खोक्यावरच्या आकड्यापेक्षा कमी ठेवावा लागतो हे मला ठाऊक आहे, आणि आमच्या कामात रॅमच्या वेगापेक्षा तिचे आकारमान महत्त्वाचे असते. प्रोसेसरची निवडही योग्य आहे. एका ट्रॅकवरची प्लगइनची साखळी एकामागोमाग एकच सोडवावी लागत असल्याने एकेका कोअरचा वेग अधिक मोलाचा, आणि तो इथे पुरेसा आहे.

आपल्या विभागाने सुचवलेले उपाय मला मान्य नाहीत. बफर १०२४ वर नेला तर नुसत्या ध्वनीच्या बाहेर पडण्यासच २१.३ मिलिसेकंद लागतात. लेगाटोच्या (स्वर जोडून वाजवण्याच्या) पॅचमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचा दुवा ध्वनिमुद्रित असल्याने मुळातच उशीर असतो. त्यात ही भर पडली की कीबोर्डवर लयीत वाजवणे शक्य राहत नाही. ट्रॅक फ्रीझ करावेत (आधीच तयार ध्वनीत रूपांतरित करून ठेवावेत), तर लिहीत असताना प्रत्येक वाक्याचे बल पुन्हापुन्हा घडवावे लागते, आणि फ्रीझ केलेल्या ट्रॅकवर ते करता येत नाही. माइक कमी करावेत हे सांगणे तर मी ज्यासाठी पैसे मोजले तेच सोडून देण्यास सांगण्यासारखे आहे. शिवाय तडा ड्रायव्हरच्या विलंबामुळे येतो, त्यामुळे ट्रॅक किंवा माइक कमी करून तो जाणार नाही.

लायब्ररीला दोष देण्याआधी एक पुरावा विचारात घ्यावा. कमी कोअर आणि ६४ जीबी रॅम असलेल्या माझ्या जुन्या संगणकावर याच टेम्प्लेटमधला तंतुवाद्यांचा विभाग त्याच ऑडिओ इंटरफेसवर, त्याच ड्रायव्हरने, २५६ च्या बफरला एकही तडा न जाता वाजतो. दोन्ही संगणकांवरचे त्याच भागाचे ध्वनिमुद्रण सोबत पाठवत आहे. ते हेडफोन लावून ऐकावे, कारण हळू भागातले तडे लॅपटॉपच्या स्पीकरवर सहज निसटतात.

माझी मागणी अशी आहे की बायोस अद्ययावत करून त्याचा पासवर्ड, हमी कायम ठेवून, मला द्यावा, आणि पंख्यांचे नियंत्रण बायोसमधूनच बसवून द्यावे. लायब्ररीचा ड्राइव्ह कोटेशनमध्ये लिहिलेल्या प्रकाराचा असावा, आणि तो हीटसिंकसह, ग्राफिक्स कार्डाच्या झोतापासून दूरच्या स्लॉटमध्ये बसवावा. परत पाठवण्यापूर्वी ४८ किलोहर्ट्झ आणि २५६ च्या बफरवर, संगणक पुरता तापल्यानंतर, किमान एक तास टेम्प्लेट वाजवून त्या वेळचा लेटन्सीमॉनचा अहवाल मला द्यावा. या कामासाठी लागणारे टेम्प्लेट आणि मिडी फाइल मी पुरवीन. एसीपीआयचे विलंब बायोसमधून गेले नाहीत, तर मदरबोर्ड बदलून द्यावा. सेटिंग सुचवणारे आणखी एखादे पत्र मी उपाय म्हणून स्वीकारणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्तीची तारीख लेखी कळवली नाही, तर संगणक परत घेऊन संपूर्ण रक्कम, नेण्या-आणण्याच्या खर्चासह, मला परत करावी. दोन्ही बाबतींत वाहतुकीची व्यवस्था आपणच करावयाची आहे. बिल, कोटेशन, लेटन्सीमॉनचे अहवाल, ड्राइव्हच्या तापमानाच्या नोंदी आणि दोन्ही ध्वनिमुद्रणे सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
(ग्राहक)