पांढरीखालचं प्रकाशा: गावकऱ्यांना आवाहन

प्रकाशा आणि पंचक्रोशीतल्या बंधू-भगिनींनो, आणि पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याकडे गेलेल्या आपल्या माणसांनो, सप्रेम नमस्कार.

आपलं गाव दक्षिणकाशी. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर, सिंहस्थातली गर्दी हे बाहेरगावचा माणूसही सांगेल. पण तापी-गोमाईच्या संगमावर पहिली चूल पेटली ती आजच्या देवळांच्या कितीतरी आधी, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी. हे गावातल्या पोरांनाच ठाऊक नाही, याची आम्हाला फार खंत वाटते.

1955 साली, आपण पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतो तेव्हा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर उत्खनन केलं. सगळ्यात खालच्या थरांत दगडाची बारीक पाती निघाली, थोडं तांबं निघालं आणि रंगवलेली खापरं. लोखंडाचा मागमूस नाही. खरी गोष्ट सांगतात ती खापरंच. आधीची माळव्याच्या धाटणीची. नंतरच्या थरात संगमनेरजवळच्या, प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून नाव पडलेली, आणि त्यांच्यासोबत गुजरातेतल्या रंगपूरला मिळतात तशी चकचकीत लाल. म्हणजे नर्मदेकडच्या, प्रवरेकडच्या आणि गुजरातेकडच्या वाटा तेव्हाही याच संगमावर येऊन मिळत होत्या! पुढे ती वस्ती उठली. काही शतकांनी पुन्हा माणसं आली, ती लोखंड घेऊन.

या उत्खननाचा सविस्तर अहवाल 1967 मध्ये छापून आला, पण इंग्रजीत. ज्या गावाची ती कथा, त्या गावाला ती आपल्या भाषेत वाचता येऊ नये, हे बरं नव्हे. म्हणून आम्ही गावातले काही शिक्षक, शेतकरी आणि तरुण एकत्र आलो आहोत. अहवालाचा सोप्या मराठीत सारांश छापून घरोघर द्यायचा, आणि शाळेच्या एका खोलीत थरांचा मोठा तक्ता, नकाशे आणि खापरांची चित्रं कायमची लावायची, एवढंच काम हाती घेतलं आहे. छपाई, फळ्या, दिवे, रंग यांसाठी पैसे लागतील. रक्कम लहान असली तरी संकोच करू नका. प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.

पण पैशांपेक्षाही घाई आहे ती आठवणींची. त्या उत्खननावर कुणाचे आजोबा, पणजोबा मजुरीला गेले होते का? कुणाकडे तेव्हाचा फोटो, हजेरीचा कागद, निदान ऐकलेली एखादी हकिकत आहे का? सत्तर वर्षं होत आली. घरात म्हातारं माणूस असेल तर आजच जवळ बसा, विचारा, मोबाइलवर बोलणं टिपून घ्या. अहिराणीत, गुजरीत, भिलोरीत, जसं ते बोलतील तसंच.

आणखी एक कळकळीची विनंती. पांढरीची माती शेतात टाकायला, भिंती लिंपायला न्यायची आपली जुनी रीत आहे. पिकाला ती मानवते, हे आम्हीही शेतकरी म्हणून जाणतो. पण टेकाडाची एक ट्रॉली उचलली की काही पिढ्यांचा संसार उपसला जातो, आणि थर एकदा कालवले की कोणत्याही तज्ज्ञाला ते पुन्हा लावता येत नाहीत. कृपा करून तिथं कुदळ चालवू नका. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, भांडी, मूर्ती सापडल्या तर आम्हालाही देऊ नका. अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं 1878 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. अर्ज लिहायला आम्ही मदत करू. आम्हाला फक्त फोटो आणि जागा दाखवा.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही केदारेश्वराच्या घाटावर बसतो. देणगी, फोटो, आठवण, जे असेल ते घेऊन या. ज्यांचं इंग्रजी चांगलं आहे आणि भाषांतराला हात लावायचा आहे, त्यांनी तर नक्की या. अजून बरीच पानं बाकी आहेत.