ट्रायकोकार्डावर तारीख छापा

संपादक महोदय,

रासायनिक औषधांना पर्याय म्हणून जिवंत मित्रकीटक तयार करून विकणाऱ्या कंपन्यांचं कौतुक हल्ली वरचेवर वाचायला मिळतं. मी वाळवा तालुक्यात ऊस करते, ट्रायकोकार्ड वापरते, तेव्हा या कौतुकाला माझी ना नाही. पण हा माल आमच्या हातात पडतो तेव्हा जिवंत असतो का, हे कुणी विचारत नाही.

ज्यांनी कार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर तांदळातल्या पतंगाची सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली असतात. त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची माशी वाढत असते. तीन-चार दिवसांत अंडं काळं पडतं आणि आठवड्याभरात माशी बाहेर येते. शेतात ती खोडकिडीची अंडी हुडकते आणि त्यांत आपली अंडी घालते, की अळी जन्मालाच येत नाही. अळी एकदा कोंबात शिरून पोंगा जळाला, की मग फवारणीचा पंप पाठीवर घेऊन काय उपयोग? म्हणून कार्डं वेळेवर लागतात आणि दर दहा-बारा दिवसांनी नवी लागतात.

गेल्या उन्हाळ्यात सुरू उसासाठी (म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या उसासाठी) एका कृषी सेवा केंद्रातून कार्डं आणली. पत्र्याच्या दुकानात, खताच्या पोत्यांशेजारच्या फळीवर ती ठेवलेली होती. पाकिटावर हिरव्या पानाचं चित्र होतं, किंमत होती, तारीख मात्र कुठेच नव्हती. घरी येऊन भिंगाखाली धरलं, तर काळ्या अंड्यांना बारीक गोल भोकं पडलेली. म्हणजे माश्या पाकिटातच निघून मेल्या होत्या आणि तळाशी त्यांची भुकटी साचली होती. दुकानदाराला दाखवलं, तर म्हणाला, "काकी, काळं आहे म्हणजे ताजंच आहे." त्याचं तरी काय चुकलं? त्याला बाटलीतलं औषध विकायची सवय. हा जीव दहा अंशांच्या आसपास थंडाव्यात जेमतेम काही दिवस थांबवता येतो, हे त्याला सांगायला कंपनीचा माणूस आला असेल असं वाटत नाही. कार्डाचे पैसे फार नव्हते. पण नवी कार्डं येईपर्यंत खोडकीड थोडीच थांबणार होती?

आपल्याकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली रासायनिक औषधांची नोंदणी करावी लागते. ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया अशा बुरशींच्या पावडरीचीही करावी लागते. परोपजीवी (किडीच्या अंड्यात किंवा अंगात वाढणारे) आणि परभक्षी (किडी खाणारे) कीटक मात्र त्यातून वगळलेले आहेत. हे ठीकच आहे, कारण नोंदणीचा खर्च मोठ्या कंपनीला झेपेल, चार बाया मिळून कार्डं करणाऱ्या बचत गटाला झेपणार नाही. पण नोंदणी नाही म्हणून लेबलही नाही, हे कुठलं गणित? दुधाच्या पिशवीवर तारीख असते आणि आठवड्याभराचं आयुष्य असलेल्या माशीच्या पाकिटावर नसते.

सगळंच कंपन्यांवर सोडून चालणार नाही, हेही सांगायला हवं. 2002 साली आमच्या भागात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा तो आटोक्यात यायला कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक फार उपयोगी पडले. ज्या फडात ते दिसत, तिथली पानं तोडून दुसऱ्याच्या फडात नेऊन बांधली जात. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेली परोपजीवी माशी बंगळुरूच्या सरकारी संस्थेने वाढवून वाटली. असे कीटक एकदा सोडले की आपले आपण वाढतात. ते दुसऱ्यांदा विकायला उरत नाहीत, म्हणून त्यांच्या मागे कंपनी लागणार नाही, ते काम सरकारनेच करायचं. ट्रायकोग्रामासारखे पुन्हा पुन्हा सोडावे लागणारे कीटक कंपन्यांनी खुशाल विकावेत. हॉलंडमध्ये यान कॉपर्ट या काकडी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने 1967 मध्ये लाल कोळी ही कीड खाणारे परभक्षी कोळी विकायला सुरुवात केली, आज ती कंपनी जगभर पसरली आहे. पण जिवंत माल जिवंत पोचवणं हाच तर तो धंदा आहे.

मागणी मोठी नाही. पाकिटावर माशीची जात, पतंगाच्या अंड्यांत माशीने अंडी घातल्याची तारीख, माशी निघण्याचा अपेक्षित दिवस आणि शेकडा किती माश्या निघतील याची हमी छापावी. निघाल्या नाहीत तर कार्ड बदलून द्यावं. केंद्र सरकार कायदा करील तेव्हा करील. राज्याच्या कृषी खात्याने स्वतःच्या योजनांतून आणि अनुदानातून जी कार्डं घेतली जातात, त्यांना तरी येत्या सुरू लागणीआधी ही अट घालावी, आणि विकणाऱ्या दुकानात फ्रिज सक्तीचा करावा.

– एक ऊस उत्पादक शेतकरी, ता. वाळवा, जि. सांगली