रंगीत तालीम

पुणे, रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून तुझे तीन फोन येऊन गेले. तिन्ही वेळा मी "मीटिंगमध्ये आहे, करतो" असं लिहिलं आणि केला नाही. मीटिंग एकदाच होती. बाकी दोन्ही वेळा मी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो आणि फोन वाजायचा थांबेपर्यंत तुझं नाव बघत होतो. फोनवर मला विषय बदलता येतो, कागदावर येत नाही, म्हणून लिहितोय. लांबेल. जेवून घे, मग वाच.

इकडे सगळे बरे. बाबांची साखर वर-खाली, माझी मान होती तशीच.

बातमी अशी की मला ओरगडमला बोलावलंय. चेन्नईच्या बाहेर, श्रीपेरंबुदूरच्या बाजूला तो गाड्यांच्या कारखान्यांचा सगळा पट्टा आहे ना, तिथे आमचा नवा प्लँट उभा राहतोय. प्लँट क्वालिटी हेड. बाळ्या, आपण गणेशखिंड रोडच्या पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले. डिप्लोमावाल्याला कुठवर चढू देतात हे तुला वेगळं सांगायला नको. तीन पोरांना मी गेज कसं धरायचं ते शिकवलं आणि तिघंही डिग्रीच्या जोरावर माझे साहेब झाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, डिग्रीचं राहू दे, मला हा माणूस हवाय. केबिनमधून बाहेर आलो तेव्हा पाय थरथरत होते. पहिली आठवण तुझी झाली. घरी फोन त्यानंतर केला. तुझ्या वहिनीला हे कळू देऊ नकोस.

उत्तर पुढच्या सोमवारी द्यायचंय.

हिशेब मांडला. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून, तू मांडायचास तसा. पगार हातात महिना पंचेचाळीस हजारांनी वाढेल. रेघेच्या पलीकडे तुझ्या वहिनीची नोकरी. अनुदानित शाळा, राज्याबाहेर बदली नावाचा प्रकारच नाही, सोडली की सोडली. ती शिक्षणसेवक होती तेव्हा तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढली, मग मान्यतेची फाइल हातात घेऊन किती खेपा घातल्या ते तू पाहिलंयस. एकदा तर तुझ्याच स्कूटरवर गेली होती आणि येताना पेट्रोल संपलं म्हणून तुम्ही दोघं नवीपेठेतून स्कूटर ढकलत आलात. आज तिच्या हातात बहात्तर हजार येतात. म्हणजे सगळे गेलो तर बढती घेऊन घरात सत्तावीस हजार कमी. हप्ता एकतीस हजारांचा, आणि अजून अकरा वर्षांचा. आकडे असे उघडे आहेत. तरी रोज रात्री मी ते पान पुन्हा काढतो, जणू बेरीज चुकली असेल.

चिऊ नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे बोर्ड बदलायचं ते नेमकं तेव्हाच. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, मी काहीच म्हणणार नाही. नाही म्हटलं तर तुम्ही पुढे कधीतरी म्हणाल, चिऊमुळे गेलो नाही." पंधरा वर्षांची पोर! मी तिच्या वयाचा असताना घरात असं बोललो असतो तर? बोललोच नसतो. सुचलंच नसतं.

धाकटा मात्र बॅग भरून तयार. तिकडे २००६ च्या कायद्यानं शाळेत तमिळ सक्तीचं आहे हे मी सांगितल्यापासून तो मोबाइलवर अक्षरं गिरवतोय. आपला ळ त्यांच्याकडे आहेच, वर आणखी एक आहे, जीभ पार मागे वळवून म्हणायचा. दोघे आजोबा-नातू जेवायला बसले की तोच उच्चार करत बसतात. बाबांचं कवळीमुळे काहीतरी भलतंच होतं आणि भाताची शितं समोरच्याच्या ताटात. परवा हसून हसून तुझ्या वहिनीला ठसका लागला. तेवढ्या पाच मिनिटांत मला वाटलं होतं, जाऊ या सगळे.

तिकडचा एकजण आमच्या प्लँटवर येऊन राहिलाय, त्याला मी खोदून खोदून विचारतो. तो सांगतो, त्यांचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आपली छत्री माळ्यावर जाते तेव्हा त्यांची निघते. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली होती तेव्हा तो दोन रात्री गच्चीवर होता. दिवाळी त्यांची एकच दिवस, नरक चतुर्दशी. पण पहाटे तेल लावून आंघोळ आहे. हे ऐकून मला उगाच धीर आला. माणूस कशाला धरून बसेल सांगता येत नाही.

सगळे म्हणतात, एकटा जा, चिऊची दहावी होऊ दे, मग बघू. सासरे म्हणाले, मेव्हणा म्हणाला, बसमधला शेजारी म्हणाला. रात्रीच्या गाडीत बसलं की सोलापूर, गुंतकल, रेणीगुंटा करत दुसऱ्या दिवशी चेन्नई. विमानानं तर पावणेदोन तास. पण "मग बघू" म्हणून निघालेला माणूस मी जवळून पाहिलाय. तो बडोद्यात राहतो आणि आता गुजरातीत स्वप्नं बघतो असं त्याची बायको सांगते.

आता बाबांचं. ते येणार नाहीत. पहिल्याच दिवशी सांगितलं, "एकदा पाण्यानं घर सोडायला लावलं. पगारासाठी सोडणार नाही. पण माझ्यापायी तुम्ही थांबायचं नाही." १२ जुलै १९६१ ला ते अकरा वर्षांचे होते. पानशेत फुटलं तेव्हाची ती सगळी गोष्ट, पितळी डबा आणि शेजारच्यांची म्हैस यांच्यासकट, तुला माझ्याइतकीच पाठ आहे, म्हणून सोडतो.

तुला माहीत नाही ते सांगतो. २०२४ मध्ये, २५ जुलैला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं. आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर होतं. लिफ्ट बंद, वीज गेलेली. मी चाकणला. सकाळी पावणेसहाला राजाराम पुलाजवळून बसमध्ये बसलो होतो, परत घरी पोचलो रात्री साडेनऊला. तेवढा वेळ बाबा गॅलरीत खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसले होते. चहा नको, जेवण नको. तुझ्या वहिनीनं बाजूला बसून त्यांचा हात धरून ठेवला. मी आलो तर म्हणाले, "आलास? पाणी उतरलं." बास.

आणि आता परवाचा गुरुवार. ऑडिट लवकर आटपलं, चार वाजता घरी आलो. घरात कोणी नसायची वेळ. दाराला आतून साखळी. बेल वाजवली, बऱ्याच वेळानं बाबांनी उघडलं. ओट्यावर तो छोटा कुकर, आईचा. बाजूला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, एक ताट, एक भांडं. आणि भिंतीला चिकटपट्टीनं लावलेला पाठकोरा कागद, त्यांच्या त्या बँकेतल्या अक्षरात:

"१. सिलिंडर – आधी खालचा कॉक. २. कुकर – तीन शिट्ट्या. ३. गोळी – जेवणाआधी पांढरी, नंतर गुलाबी. ४. विजेचं बिल – मोबाइलवर, चिऊनं दाखवलं तसं. ५. दार – साखळी. ६. पडल्यास –"

सहाच्या पुढे काही नव्हतं.

मी म्हटलं, हे काय बाबा? तर म्हणाले, "काही नाही रे, रंगीत तालीम." तालीम म्हटल्यावर तुला त्यांचं बँकेचं नाटक आठवेल आणि तू दुसऱ्या अंकात मध्येच पाडलेला पडदाही. (मी दोरी सोडली असं तू अजून म्हणतोस. दोरी तुझ्याच हातात होती.) आम्ही दोघांनी ती खिचडी वाटून खाल्ली. एका माणसाचीच होती. चांगली झाली होती.

रात्री मी सहाव्या मुद्द्यापुढे पेन्सिलीनं माझा नंबर लिहिला. सकाळी बघतो तर खोडून तिथे खालच्या मजल्यावरच्या पोराचा लिहिलेला. विचारलं, तर म्हणाले, "तू चाकणहून किती वाजता पोचणार?"

बाळ्या, आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो.

तू २०११ च्या जूनमध्ये गेलास. त्याच श्रावणात काकू मोरीत पडल्या. उजवं मनगट मोडलं. मला हाका मारल्या नाहीत, बादली आपटून आवाज केला. मी रिक्षानं घेऊन गेलो, प्लास्टर घातलं, सहा आठवडे आईनं डबा दिला. रिक्षातच त्यांनी सांगितलं, "बाळूला कळवायचं नाही. नवीन जागा आहे, धावत येईल आणि साहेब नाराज होईल. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." मी शपथ पाळली. इथवर मी स्वतःला माफ करू शकतो. पण गणपतीत तू आला नाहीस तेव्हा मी तुला फोनवर काय बोललो? "तुला आई नको, बढती हवी." कशासाठी येणं जरूर होतं ते तुला ठाऊकच नव्हतं, ज्याला ठाऊक होतं तो मी गप्प होतो, आणि त्याच गोष्टीसाठी तुला बोलत होतो. आठ महिने आपण बोललो नाही. सगळ्यांना वाटलं, पैशांवरून.

त्या दिवाळीत काकूंनी पाठवलेले शंकरपाळे वाकडेतिकडे होते म्हणून तू पुढे कितीदा हसलास. त्यांनी कातण डाव्या हातात धरून कापले होते. मी समोर बसलो होतो. "द्या, मी कापतो" म्हटलं तर देईनात.

आणि त्या गेल्यावर, तेराव्याच्या रात्री, गच्चीवर तू मला विचारलंस, "त्या पहिल्या वर्षी तिला काही त्रास झाला का रे?" मी म्हणालो, नाही. तोवर शपथ संपली होती. तेव्हा मी खोटं बोललो ते तुझ्यासाठी नव्हे, माझ्या त्या एका वाक्यासाठी. ते वाक्य परत घ्यावं लागलं असतं. आज घेतो. फार उशिरा घेतोय.

तो कागद बघितल्यापासून झोप नाही. बाबा कोणाला शपथ घालतील हे मला कळलंय, नंबरसकट. आणि खालचा पोरगा चांगला आहे, तो पाळेल.

तुझ्या वहिनीला गुरुवारी रात्री हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जा असंही मी म्हणणार नाही, नको असंही नाही. पण आधी भावजींना काकूंचं सांगा. तोवर तुम्ही काय ठरवाल ते घाबरून ठरवाल."

माझं मन कुठे झुकतंय विचारशील तर सगळ्यांना उपटून न्यायचं नाही एवढं ठरल्यासारखं आहे. तुझी वहिनी नोकरी सोडणार नाही, चिऊ इथेच दहावी करेल, बाबांना कुकर लावावा लागणार नाही. सोमवारी साहेबांना विचारणार की दोन वर्षं एकटा येतो, महिन्यातून दोनदा घरी सोडणार का, आणि तसं लिहून देणार का. नाही म्हणाले तर चाकणची बस आहेच. पण हे म्हणताना घशात अडकतं रे. मला ती जागा हवी आहे. डिप्लोमावाल्याच्या नावाची पाटी त्या दारावर लागलेली मला बघायची आहे. ही हाव आहे की हक्क, हे तुझ्याखेरीज कोणाला विचारू?

म्हणून सल्ला नको, खरं सांग. पहिल्या वर्षी रात्री खोलीवर आल्यावर काय करायचास? काकूंचा आवाज ऐकून कधी शंका आली होती का? आली असेल तर काय करून ती मिटवलीस? आणि चौदा वर्षांनी, जाऊन बरं केलं असं कुठल्या दिवशी वाटतं?

तुमच्याकडचं राहिलंच. वास्तुशांतीला आलो नाही, आलो असतो तर हे सगळं तिथेच बोललो असतो, तेही एक कारण. वहिनींचा थायरॉइड आता ठीक ना? मोठ्याला फिजिक्स अवघड जातंय असं कळलं, त्याला माझा नंबर दे, रविवारी बसू. आणि माझा ड्रॉइंगचा ड्राफ्टर तूच वाकवलास, हे नव्या घराच्या आनंदात तरी कबूल कर.

रागावशीलच. रागाव. पण सोमवारच्या आधी फोन कर. बसमध्ये असलो तरी उचलेन.

तुझा,
पम्या