ग्रीन पक्षाची मते आणि मतदाराचा खिसा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

फेब्रुवारी 2025 मध्ये जर्मनीच्या संसदीय निवडणुकीत ग्रीन पक्षाला 11.6 टक्के मते मिळाली. 2019 मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत याच पक्षाने 20.5 टक्के मते घेतली होती. ही घसरण पाहून 'पर्यावरण ही पोट भरलेल्यांची चैन आहे, महागाई आली की लोक ती सोडून देतात' असा निष्कर्ष आपल्याकडेही सहज काढला जातो. मला तो अपुरा वाटतो, आणि हवामानबदलाचा फटका ज्यांना सर्वांत आधी बसतो त्या गरिबांनाच तो या प्रश्नातून बाहेर काढतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या निष्कर्षात तथ्य मुळीच नाही, असे माझे म्हणणे नाही. ग्रीन पक्षाचा मतदार मुख्यतः शहरी आणि उच्चशिक्षित आहे. 2011 मध्ये या पक्षाचा पहिला मुख्यमंत्री, विनफ्रिड क्रेचमन, झाला तो बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, म्हणजे मोटारउद्योगावर श्रीमंत झालेल्या राज्यात. (निवडणुकीच्या दोनच आठवडे आधी जपानमधील फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली होती, हेही विसरता येत नाही.) उलट पूर्व जर्मनीत 1990 च्या एकीकरणानंतर कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले, आणि तिथे हा पक्ष कधीच नीट रुजला नाही. 2024 मध्ये थुरिंगिया आणि ब्रांडेनबुर्ग या दोन्ही राज्यांत तो विधानसभेत प्रवेशासाठी लागणाऱ्या पाच टक्के मतांची अट पूर्ण करू न शकल्याने विधानसभेबाहेर गेला.

परंतु महागाई हेच एकमेव कारण असते, तर पक्षाची लोकप्रियता 2022 मध्येच कोसळायला हवी होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचा गॅस आटला, ऊर्जेचे दर भडकले, वर्षाची सरासरी महागाई सात टक्क्यांच्या घरात गेली. आणि तरीही त्या उन्हाळ्यातील जनमत चाचण्यांत ग्रीन पक्ष 20 टक्क्यांच्या वर होता. तेव्हा केंद्रातील आघाडी सरकारात असलेल्या या पक्षाचे अर्थमंत्री रॉबर्ट हाबेक यांनी आपल्या पक्षाला न रुचणारे निर्णय घेतले, बंद ठेवलेली कोळशाची वीजकेंद्रे पुन्हा चालू केली आणि त्यामागची अडचण लोकांना मोकळेपणाने सांगितली. झळ सर्वांनाच बसत होती, पण ती या पक्षाने लादली आहे असे लोकांना वाटत नव्हते.

ते वाटू लागले 2023 मध्ये, घरे तापवण्याच्या कायद्यामुळे. नव्याने बसवल्या जाणाऱ्या तापयंत्रणेत किमान 65 टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून यावी, असा तो नियम होता. उद्देश योग्यच होता. मात्र पहिला मसुदा वर्तमानपत्रांत फुटला तेव्हा अनुदान किती आणि कोणाला, हे ठरलेलेच नव्हते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, गावातल्या जुन्या घरात राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे गॅस बॉयलरच्या कितीतरी पट महाग हीट पंपाचा (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राचा) आकडा उभा राहिला आणि तो आकडा कोण भरणार, हे कोणीच सांगत नव्हते. पुढे कायद्यात सुधारणा झाल्या, जुन्या घरांना मुदत मिळाली, कमी उत्पन्नाच्या घरमालकांना जादा मदत धरून 70 टक्क्यांपर्यंत अनुदान ठरले. पण तोवर धास्ती घरोघरी पोहोचली होती. वर्षअखेरीस शेतीच्या डिझेलवरील सवलत काढण्याचा निर्णय झाला आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले.

याच पक्षाने हा धडा एकदा घेतला होता, याचे मला अधिक वाईट वाटते. मार्च 1998 मध्ये माग्डेबुर्गच्या अधिवेशनात पेट्रोल टप्प्याटप्प्याने पाच मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) लिटरपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या दराच्या सुमारे तिपटीपर्यंत, न्यावे असा ठराव झाला. लोकांच्या लक्षात टप्पे राहिले नाहीत, पाच मार्क तेवढे राहिले. सत्तेत आल्यावर 1999 पासून पर्यावरण कर लागला तो मात्र लहान लहान वाढींनी, आणि त्याचे बरेचसे उत्पन्न निवृत्तिवेतन विम्याचा हप्ता कमी करण्यासाठी वापरले गेले. 2002 मध्ये पक्षाची मते 6.7 वरून 8.6 टक्क्यांवर गेली. त्यात एल्बे नदीच्या महापुराचा आणि इराक युद्धाच्या विरोधाचाही वाटा होता, परंतु करामुळे पक्ष बुडाला नाही एवढे निश्चित. 2021 पासून इंधनावर कार्बनचा दर, म्हणजे त्यातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचे शुल्क, लागू झाला. त्याचा पैसा 'हवामान भत्ता' म्हणून नागरिकांना थेट परत देण्याची व्यवस्था उभारण्याचे हाबेक ज्यात मंत्री होते त्या आघाडी सरकारने आपल्या करारात लिहिले होते. सरकार पडेपर्यंत तो भत्ता कोणाच्याही खात्यात जमा झाला नाही.

पैसे परत दिले की मते मिळतातच, असेही नाही. ऑस्ट्रियात ग्रीन पक्ष सत्तेत असताना असा भत्ता खरोखर वाटला गेला, 2022 मध्ये तर महागाईसाठीची जादा मदत धरून प्रत्येक प्रौढाला 500 युरो मिळाले. तरी 2024 मध्ये त्या पक्षाची मते 13.9 वरून 8.2 टक्क्यांवर आली. वर्षातून एकदा येणारी रक्कम विसरली जाते आणि पंपावरचा दर दर आठवड्याला दिसतो, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

'चैन' हा शब्द वापरणाऱ्यांनी आपल्या कोकणाकडेही पाहावे. बारसू परिसरात 2023 मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाला आडवे गेलेले ग्रामस्थ काही सुखवस्तू नव्हते. आंब्याची बाग आणि समुद्रातली मासळी हेच ज्यांचे उत्पन्न आहे, त्यांच्या दृष्टीने पर्यावरण हाच आर्थिक प्रश्न असतो. जर्मनीतल्या त्या निवृत्त घरमालकालाही हवा, नदी, नातवंडांचे भविष्य नको होते असे नाही. त्याला आधी खर्च दाखवला गेला आणि मदतीचा तपशील काही महिन्यांनी.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे