रविवारची टाउन हॉल भेट : सभासदांना आठवण

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाच्या दारात जमायचं आहे. मागच्या वेळी काही जण दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गेले आणि कुलूप बघून परत आले. सोमवारी संग्रहालय बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. त्यात सापडलेल्या वस्तूंमुळेच हे संग्रहालय उभं राहिलं. घाईघाईने पुढे जाऊ नका, पोसायडनची काशाची मूर्ती शोधा. वीतभरसुद्धा नाही, चटकन नजरेतून निसटते. पण रोमन जगातला हा समुद्रदेव सातवाहनकाळात व्यापाराच्या वाटेने पार आपल्या नदीकाठी आला, हे समजलं की पाय तिथून हलत नाहीत. माझे तरी मागच्या वेळी हलले नव्हते, त्यामुळे चहा हुकला.

चित्रं पाहताना कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्या चित्रांपाशी थांबा. आणि आत शिरण्यापूर्वी इमारतही बघून घ्या. मेजर मांट या इंग्रज वास्तुरचनाकाराने आखलेली, १८७२ ते १८७६ दरम्यान बांधलेली.

फोटो काढायचे असतील तर आधी खिडकीवर विचारा. काचेवर बोटं टेकवायची नाहीत, लहान मुलांचे हात धरून ठेवा. पिशव्या शक्यतो घरीच.

कितीजण येणार ते शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा. नुसता अंगठा नको, आकडा लिहा.

— सहलप्रमुख