दाखल्यावरची अक्षरे

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर तुझी आई बराच वेळ बाळाच्या नाकाडोळ्यांविषयी बोलत होती, पण माझ्या मनात तुझे एकच वाक्य घोळत राहिले. रुग्णालयाने कागद दिला आहे, तेव्हा नोंदणीचे काम झाल्यातच जमा आहे, असे तू म्हणालीस. ते काम अजून सुरूही झालेले नाही. फोनवर हे बोललो असतो तर आनंदाच्या घटकेला बाबांनी फाइल उघडली असे झाले असते, म्हणून सविस्तर लिहितो आहे. जावईबापूंनाही हे पत्र वाचायला दे, कारण पहिले काही आठवडे या कचेऱ्यांमध्ये जाणे त्यांच्याच वाट्याला येणार आहे.

रुग्णालयाचा कागद ही केवळ बाळ जन्मल्याची खबर असते. जन्मदाखला तुम्ही राहता त्या परदेशातील स्थानिक निबंधक देतो. आईवडील कोणत्या देशाचे नागरिक आहेत, यावर ही नोंद अवलंबून नसते. १९८९ च्या बालहक्क कराराच्या सातव्या कलमात मुलाची नोंद जन्मानंतर लगेच व्हावी असे म्हटले आहे, ते कोठल्याही मुलाविषयी. मात्र या नोंदीने बाळ केव्हा, कोठे आणि कोणाच्या पोटी जन्मले एवढेच सिद्ध होते. ते भारतीय आहे हे सिद्ध होण्यासाठी आपल्या दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात दुसरी, स्वतंत्र नोंद करावी लागते, आणि परदेशी राहणारी सुशिक्षित मंडळीही नेमकी येथेच गाफील राहतात.

तू जन्मलीस तेव्हा आम्हीही परदेशात होतो, परंतु माझे नागरिकत्व जन्माने मिळालेले असल्यामुळे तुझे नागरिकत्व दूतावासातील नोंदीवर अडलेले नव्हते. आमच्या वेळी असे काही लागले नव्हते, हा आमच्या पिढीचा दाखला म्हणूनच तुझ्या उपयोगाचा नाही. नागरिकत्व कायदा १९५५ चा असला तरी त्यात झालेली दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू आहे. त्या दिवसापासून भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात झाली नाही, तर वंशाने, म्हणजे आईवडील भारतीय असल्यामुळे, मिळणारे नागरिकत्व त्याला आपोआप मिळत नाही. वर्ष उलटले की केंद्र सरकारची परवानगी मागावी लागते. हे वर्ष बाळाच्या जन्मदिवसापासून मोजायचे असते, स्थानिक दाखला हाती पडल्यापासून नव्हे. जेथे तेथील भूमीवर जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही, तेथे आईवडिलांनी दिरंगाई केली तर मूल ना इकडचे ना तिकडचे अशा स्थितीत राहू शकते.

त्या नोंदणीच्या वेळी तुम्हा दोघांना, बाळाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहून द्यावे लागेल. म्हणून तेथील पासपोर्ट काढण्याचा हक्क बाळाला असेल, तर कोणी सुचवले म्हणून घाईने अर्ज करू नका. तो पासपोर्ट आधी काढला की हे निवेदन खरेपणाने करता येत नाही. नंतर उरतो तो परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणाऱ्या कार्डाचा मार्ग, आणि त्याच्या नावात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. काय निवडावे हे तुम्ही ठरवायचे आहे, त्यात मी पडणार नाही. निवड मात्र समजून केलेली असावी.

आता माझी चूक सांगतो. तुझ्या जन्माच्या वेळी रुग्णालयाच्या कार्डावर तुझ्या आईचे माहेरचे नाव होते आणि पासपोर्टवर लग्नानंतरचे. कारकुनाने कार्ड समोर ठेवून दाखला लिहिला, आणि मी तुला पाहायला परतायच्या घाईत तो न वाचताच सही करून घडी घातली. चूक ध्यानात आली तेव्हा दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे आणि पुन्हा खेपा घालणे मला जमले नाही. मग तुझा पासपोर्ट, शाळेचा प्रवेश, पासपोर्टचे नूतनीकरण, अशा प्रत्येक ठिकाणी ही दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत असे प्रतिज्ञापत्र जोडत गेलो. स्वतःच्या मुलीची आई असल्याचे शपथेवर सांगावे लागते, याचे तुझ्या आईला प्रत्येक वेळी वाईट वाटे, आणि ती मला काही बोलत नसे, हे त्याहून जड होते.

त्यामुळे सही करण्यापूर्वी दाखल्यावरचे प्रत्येक अक्षर तुम्हा दोघांच्या पासपोर्टशी ताडून पाहा. आडनाव आणि नाव यांचे रकाने उलटे भरले गेले नाहीत ना, वडिलांचे नाव मधल्या रकान्यात हवे की नको, एकाच नावाचे रोमन स्पेलिंग सगळीकडे सारखे आहे ना, हे बघा. बाळाचे नाव ठरले नसेल तर तेथील मुदत किती आहे ते विचारा, पण शक्यतो नावासह नोंद करा. काही देशांत दाखल्याचा एक संक्षिप्त नमुना असतो आणि त्यात आईवडिलांची नावे नसतात; तो दूतावासात चालत नाही. सविस्तर नमुना मागा आणि त्याच्या अधिकृत प्रती एकाऐवजी तीन-चार घ्या.

दाखला दुसऱ्या देशात वापरण्यासाठी त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी प्रमाणन, लागू शकते. ही सोय १९६१ च्या हेग कराराची आहे आणि भारतासाठी तो करार २००५ पासून लागू आहे. तुम्ही राहता तो देश त्यात नसेल, तर तेथील परराष्ट्र खाते आणि मग आपला दूतावास असा लांबचा रस्ता असतो. दाखला तेथील भाषेत असेल तर अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर करून घ्या. दूतावासातील नोंदीनंतर पासपोर्ट, आणि पासपोर्टनंतरच तेथील वास्तव्याचा परवाना मिळतो. त्या परवान्यालाही स्वतःची मुदत असते, ती विसरू नका. पासपोर्ट हाती येईपर्यंत आमच्याकडे येण्याची तिकिटे काढू नका. आम्ही वाट पाहू.

आणखी एक गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. बाळाला तेथील नागरिकत्वही मिळाले असेल, तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ते सोडावे लागेल, नाही तर भारतीय नागरिकत्व जाते. तेव्हा सांगायला मी असेन की नाही कोण जाणे.

अर्ज भरून झाला की जमा करण्याआधी मला फोन कर. तू एकेक अक्षर वाच, मी इकडे लिहून घेतो. आणि या खेपेस तुझी आईही शेजारी बसून ऐकेल.

तुझा,
बाबा