सदाफुली कुंडीत, औषध टाकीत?

महोदय,

आमच्या शेजारचे काका मधुमेहावर म्हणून रोज सकाळी सदाफुलीची दोन पाने चावतात. त्याच पानांत कर्करोगावरचे विनब्लास्टिन असते. मात्र १ ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात! २०२२ मध्ये डेन्मार्क व कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी टाकीत वाढणाऱ्या यीस्ट या सूक्ष्म बुरशीत वनस्पतींची ३४ जनुके घालून विनब्लास्टिनचे दोन घटक, विंडोलिन आणि कॅथरॅन्थिन, तयार करून घेतले. पुढे ते रासायनिक क्रियेने जोडले की औषध तयार.

काम थोरच. पण लिटरमागे उत्पादन मोजायचे ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांशांत, हे बातम्यांत सहसा येत नाही. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचे उदाहरण घ्या. ते ज्यापासून बनवतात ते आम्ल यीस्टमधून लिटरला २५ ग्रॅमपर्यंत निघाले, सनोफी या औषध कंपनीने २०१३ मध्ये कारखानाही चालवला. तोवर हेच औषध देणाऱ्या, शेतातल्या आर्टेमिसिया वनस्पतीचे भाव कोसळले आणि टाकीतला माल महाग पडला. जनुके जुळली तरी बाजार जुळेलच असे नाही. म्हणून अशा बातम्यांत लिटरमागे किती निघाले आणि खर्च किती, एवढे दोन आकडे जरूर छापावेत.

काकांना पाने विषारी असल्याचे सांगितले. ते म्हणाले, ‘दोनच तर खातो!’

– एक वाचक, सांगली